एका खुर्चीचे गाणे

मंडळी, सोयाबीनची पोती विकली आणि माझ्या घरातले गाणे बिघडले. वाचून तुम्हाला हसू येईल, पण घडले ते असेच. एरवी मी तुम्हाला बीजप्रक्रिया करा, माती तपासून घ्या, असे सांगत असतो. आज थोडे माझ्या स्वतःच्या एका आजाराविषयी सांगणार आहे. आजार अंगाला झालेला नव्हता, कानाला झाला होता, आणि त्याची झळ घरातल्या सगळ्यांना लागली.

२००५ सालचा जानेवारी महिना. आमचे घर गावापासून दीड मैलावर वस्तीवर. पुढच्या खोलीत खरिपाच्या सोयाबीनची चाळीस पोती भिंतीला थप्पी लावून ठेवलेली होती. त्याच खोलीत माझा ॲम्प्लिफायर, सीडी प्लेअर आणि माणसाच्या कमरेइतके उंच दोन स्पीकर. दर बरा मिळाला म्हणून आबांनी एका सकाळी टेम्पो बोलावून सगळा माल बाजारात पाठवला. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, हातपाय धुतले आणि गाणे लावले, तो आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा! तबला घुमत होता, गाण्याचे शब्द एकमेकांत मिसळत होते. मी तारा काढून पुन्हा लावल्या. दुसऱ्या दिवशी ॲम्प्लिफायर उघडून ब्रशने धूळ काढली. तिसऱ्या दिवशी तालुक्याहून रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन आलो. त्यांनी यंत्राला हातसुद्धा लावला नाही. खोलीच्या मधोमध उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवली आणि म्हणाले, "साहेब, मशीनला काय बी झालेलं न्हाई. तुम्ही पोती विकली."

बरोबर होते. गिलावा केलेल्या भिंती, खाली शहाबादी फरशी, वर पत्रा. अशा खोलीत आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि मूळ आवाजात मिसळतो. पोत्यांची थप्पी तो आवाज पिऊन टाकत होती. हजारो रुपयांच्या यंत्राचा गोडवा निम्मा तरी सोयाबीनच्या पोत्यांनी दिलेला होता, आणि मी त्याचे श्रेय स्पीकर बनवणाऱ्याला देत होतो! आबा दारात उभे राहून सगळे ऐकत होते. म्हणाले, "मग काय, गाण्यासाठी दर पडंस्तवर माल घरात ठिवायचा का?"

ही वेळ माझ्यावर कशी आली, ते पहिल्यापासून सांगतो.

आमच्या घरात पहिला रेडिओ आला तो १९७६ साली. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. ज्वारी विकून आबांनी तीन बँडचा ट्रान्झिस्टर आणला. त्याला भोकाभोकांचे चामड्याचे कव्हर होते. दिवसा तो कोनाड्यात असे, संध्याकाळी ओट्यावर येई. सेल उतरले की आई ते उन्हात वाळत घाली, म्हणजे आणखी दोन-तीन दिवस निघत. तुमच्यापैकी पन्नाशी उलटलेल्यांनी हे केलेले असणारच. ओट्यावर आठ-दहा माणसे जमत. 'माझं घर माझं शिवार' ऐकताना चर्चा चाले, 'आपली आवड' लागले की पोरे पुढे सरकत, आणि बुधवारी रात्री आठ वाजता सिलोन लावण्यावरून भांडणे होत.

या सिलोनची गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे दिल्लीत नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे मोठे अभिमानी. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंद झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची गीतमाला सुरू झाली आणि सगळा देश तिकडे वळला. आता बघा, आपल्या जवळच्या केंद्राचा आवाज स्वच्छ आणि स्थिर. सिलोनचा आवाज लघुलहरींवरून यायचा. त्या लहरी आकाशातल्या वरच्या थरावर आपटून खाली येतात, आणि तो थर काही एका जागी शांत बसत नाही. म्हणून गाणे मध्येच मोठे व्हायचे, मध्येच बुडायचे, वर खरखर असायचीच. तरी लोकांनी स्वच्छ आवाज सोडून खरखरीच्या मागे धाव घेतली, कारण गाणी तिकडे होती. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. लाखो श्रोत्यांनी कान आणि गाणे यांतले गाणे निवडले होते. मीही त्याच ओट्यावर वाढलो, आणि पुढे नेमके उलटे करून बसलो.

राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकायला गेलो तेव्हा वसतिगृहात टू-इन-वन आले होते. पेन्सिल घालून कॅसेट गुंडाळायची, फीत अडकली की काडीने बाहेर ओढायची. १९९० ला पदवी घेतली, पुढे नोकरी लागली, लग्न झाले. तोपर्यंत सगळे ठीक होते. मग पुण्याच्या एका मित्राने मला त्याच्या घरी नेऊन मोठ्या यंत्रावर नुसता तानपुरा ऐकवला. खोटे कशाला बोलू, अंगावर काटा आला. चारही तारा वेगवेगळ्या ऐकू येत होत्या. एका तारेचा नाद विरतो कुठे आणि दुसरीचा उगवतो कुठे, ते कानाला दिसत होते म्हणा ना. चांगला आवाज ही थोतांड गोष्ट आहे, असे मी कधीच म्हणणार नाही. तो आनंद खरा असतो. पुढे काय होते तिथे गोम आहे.

२००३ चा दुष्काळ नुकताच अंगावरून गेला होता. एकरभर डाळिंबाला ठिबक करायचे घरात ठरले होते. अनुदान वजा जाता आमच्या वाट्याचे बावीस हजार रुपये मी बाजूला ठेवले होते. ऑफिसच्या कामाने मुंबईला गेलो असताना एका दुपारी लॅमिंग्टन रोडवर शिरलो आणि संध्याकाळी बाहेर आलो तो ते पैसे देऊन, वर उधारी करून. गावोगावी फिरून ठिबकचे महत्त्व सांगणारा मी अधिकारी! घरी सांगितले की ठिबकचे पुढच्या वर्षी बघू. आबा काही बोलले नाहीत. सौ. मात्र तीन दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलली.

आता या यंत्राचा एक नियम असतो. दोन स्पीकर आणि ऐकणारा माणूस अशी तीन टोके सारख्या अंतरावर हवीत. मी दोरी धरून मापे घेतली, फरशीवर खडूने खुणा केल्या आणि तिसऱ्या टोकाला एक खुर्ची ठेवली. त्या खुर्चीत बसले की गाणारा माणूस बरोबर समोर, तबला थोडा उजवीकडे, पेटी डावीकडे. हातभर बाजूला सरका, की सगळे मोडले. म्हणजे गाणे होते एकाच खुर्चीपुरते, आणि ती खुर्ची माझी होती.

गाणे चालू असताना स्वयंपाकघरात मिक्सर लावायचा नाही. कुकरच्या शिट्टीची वेळ पाळायची. मुलांनी पळायचे नाही, कारण फरशी हादरते. माझा थोरला मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. गाण्यावर टाळ्या वाजवायला लागला, तर मी त्याच्यावर ओरडलो. टाळ्या तालात होत्या, तरी ओरडलो. पुढे तो त्या खोलीत आला नाही. आबा सुरुवातीला चार दिवस येऊन भिंतीशी टेकून बसले. मग पुन्हा आपला ट्रान्झिस्टर घेऊन ओट्यावर गेले. मी विचारले, "का हो आबा, आवडलं नाही का?" म्हणाले, "तुझं मशीन लई चांगलं हाय. पर त्यात बसायला जागा न्हाई."

तेव्हा मला तो नुसता विनोद वाटला.

खरा बिघाड आणखी पुढे होता. माझ्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आणि बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांवरून केलेल्या सीडी होत्या. ७८ फेऱ्यांच्या त्या तबकड्या लाखेच्या असत. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे पोसतात, त्यांचीच ही लाख. पोलादी सुई घासून घासून त्यांना चरे पडायचे. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, आणि खाँसाहेबांनी तेवढ्यात अख्खा राग उभा करून ठेवला आहे. आबांच्या ट्रान्झिस्टरवर हे गाणे लागले की फक्त गळा ऐकू येई. माझ्या भारी यंत्रावर मात्र आधी चरे ऐकू येत, भुईमूग भाजल्यासारखे. यंत्र जितके चांगले तितके चरे ठळक. मग मी काय केले? खाँसाहेबांना कपाटात ठेवून दिले. ज्या सीडीत ऐकण्यासारखे काही नव्हते, पण आवाज फर्स्टक्लास होता, त्याच लावू लागलो. मशीन तपासण्यासाठी म्हणून एक सीडी मिळायची. तिच्यात आगगाडी जाते, काच फुटते, वीज कडाडते, पाऊस पडतो.

२००४ च्या जूनमध्ये, पेरणी खोळंबलेली असताना, मी एका रात्री तो पाऊस लावला. आवाज इतका हुबेहूब की मीच खूश झालो. पाच मिनिटांनी बाहेर गडबड ऐकू आली. बघतो तो आबा झोपेतून उठून, प्लॅस्टिकचा कागद ओढत कडब्याच्या गंजीकडे निघालेले. अंगणात येऊन वर पाहिले. चांदणे पडले होते. मी दारात उभा होतो. त्यांनी कागद पुन्हा घडी करून ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं, न्हाई आला. गंजी भिजली आस्ती." आणि जाऊन झोपले.

आता माझ्यातला कृषी पदवीधर थोडा बोलतो, कारण त्याने हे आधीच ओळखायला हवे होते. घटत्या उत्पन्नाचा नियम मी शेकडो सभांत फळ्यावर काढून दाखवला आहे. समजा युरियाच्या पहिल्या पोत्याने चार पोती ज्वारी वाढली. दुसऱ्याने दोनच वाढतात, तिसऱ्याने अर्धे, आणि चौथे घातले की पीक लोळते. तरी प्रत्येक पोत्याची किंमत तीच असते. आवाजाच्या यंत्राचेही तसेच आहे. ट्रान्झिस्टरवरून बऱ्या टेपवर गेलात तर फरक कुणालाही कळतो. तिथून पुढे प्रत्येक पायरीला पैसे दुप्पट आणि फरक निम्मा. शेवटी तर तारा सोन्याच्या मुलाम्याच्या घेतल्या की फरक पडतो म्हणतात. मी त्याही आणल्या. फरक पडला की नाही हे ठरवण्यात मात्र दोन महिने गेले, आणि त्या दोन महिन्यांत एकही गाणे मी गाणे म्हणून ऐकले नाही.

दुसरा नियम लीबिगचा. पिपाच्या फळ्यांतली जी सर्वांत आखूड, तिच्याइतकेच पाणी पिपात राहणार. जस्त कमी असेल तर नत्र कितीही ओता, उपयोग नाही. माझ्या पिपात आखूड फळी खोलीची होती आणि मी पैसे ओतत होतो ॲम्प्लिफायरवर. पोती गेल्यावर आईच्या दोन जुन्या वाकळा भिंतीवर टांगल्या, तेव्हा आवाज सुधारला. फुकटात.

आकडेही बघून घ्या, म्हणजे कुणी दुकानदार तुम्हाला आकड्यांनी घाबरवणार नाही. तरुण, निरोगी कानाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते. १९८२ साली सीडी बाजारात आली ती सेकंदाला ४४,१०० नोंदी घेणारी, म्हणजे हा सगळा पल्ला पकडणारी. उलट मध्यम लहरींच्या रेडिओत एका केंद्राच्या वाट्याला जेमतेम ९ किलोहर्ट्झची पट्टी येते. त्यात साडेचार-पाच हजारांच्या वरचा आवाज फारसा बसत नाही. ऐकून वाटेल, म्हणजे आपण रेडिओवर पाव गाणेच ऐकले की काय! पण गाणाऱ्या बाईचा तार सप्तकातला अगदी वरचा स्वर घेतला तरी तो हजार हर्ट्झच्या अलीकडेपलीकडे असतो. सगळी चाल त्याच्या खालीच चालते, आणि शब्द कळायला तीन-चार हजारांपर्यंतचा पल्ला बहुतेक पुरतो. वरच्या पट्टीत असते ती झळाळी, झांजेचा किणकिणाट, तारेची धार. ती हवीच, पण गाणे त्या ट्रान्झिस्टरमध्ये मावत होते.

आता ती रात्र सांगतो. सांगायला जड जाते, म्हणून एवढा वेळ टाळत आलो.

२००६ चा फेब्रुवारी. भारनियमनाचे दिवस तुम्हाला आठवत असतील. दिवसा बारा-बारा तास वीज नसे, शेतीला पाणी रात्रीच द्यावे लागे. विहिरीची पाच अश्वशक्तीची मोटर आणि आमचे घर एकाच डीपीवर. अशी मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते. दिवा मंद होतो, आणि माझ्या स्पीकरमध्ये 'ठक्' असा आवाज येई. या 'ठक्'चे मला भारी दुःख. त्या रात्री साडेअकराला वीज आली. मी किशोरीताई आमोणकरांचा भूप लावला होता. आलाप रंगात आला होता. आबा गळ्यात मफलर आणि हातात बॅटरी घेऊन दारात आले. "लाइट आली. मोटर टाकतो." मी हात वर केला. खुर्चीतून उठलोही नाही. म्हणालो, "आबा, वीस मिनिटं थांबा. एवढं होऊ द्या."

बरं म्हणून ते गेले. भूप संपला, मी यंत्र बंद केले आणि झोपलो. मोटर केव्हा सुरू झाली ते मला कळलेही नाही.

सकाळी गव्हात गेलो. शेवटचे चार वाफे कोरडे होते. वीज साडेतीनला गेली होती. आबा बांधावर बसून पायाचा चिखल काढत होते. मी म्हटले, "आबा, एवढा वेळ होता की. राहिले कसे?" ते सहज म्हणाले, "आरं, तुझं गाणं संपलं का न्हाई त्ये हिरीवरनं ऐकू येईना. मोटर टाकली आन् मधीच बिघडलं तर काय घ्या, म्हणून आणखी दम काढला."

तासाभराच्यावर बसले होते ते. फेब्रुवारीतली थंडी, विहिरीच्या थारोळ्यावर, सत्तरीचा माणूस. मी त्यांना संपल्याचे सांगायला गेलो नव्हतो.

त्या हंगामानंतर मी सीडी प्लेअर आणि त्या सोन्याच्या तारा पुण्याच्या मित्रालाच विकल्या. त्याने भाव पाडून घेतला, पण त्यात माझी तक्रार नाही. आणखी पैसे घालून २००७ साली डाळिंबाला ठिबक केले.

२००८ साली आबांना ऐकू कमी येऊ लागले म्हणून जिल्ह्याच्या गावी कानाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी कानाला यंत्र लावून तपासणी केली आणि आलेख हातात दिला. आलेख वाचणे हे माझे कामच आहे. डावीकडे, म्हणजे खालच्या आवाजांना, रेघ बरी होती. दोन हजारांपुढे उतार, आणि चार हजारांपुढे कडा कोसळावा तशी खाली. डॉक्टर म्हणाले, हे एका वर्षातले नाही, दहा-पंधरा वर्षांपासून असणार. वय आहेच, शिवाय यांनी इंजिनावर काम केले आहे का? केले होते. विहिरीवर वीज येण्याआधी वीस वर्षे डिझेल इंजिन, नंतर दर सुगीत मळणीयंत्र.

माझ्या डोळ्यांपुढे त्या खोलीतले सुरुवातीचे चार दिवस आले. मी त्यांना उत्साहाने विचारत असे, "आबा, झांजेचा तो बारीक किणकिणाट ऐकू येतोय ना?" आणि ते मान हलवून म्हणत, "येतो की." यायची शक्यताच नव्हती. ज्या झळाळीसाठी मी ठिबकचे पैसे घातले, ती त्यांच्या कानाच्या शिवाराबाहेर होती. ट्रान्झिस्टर कानाशी धरला की गळा आणि शब्द पुरेपूर पोचत. त्यांचे त्यावर भागत होते, आणि मला वाटे आबांना चांगल्यातले कळत नाही.

आबा २०११ साली गेले.

गेल्या वर्षी मी स्वतःचा कान तपासून घेतला. पन्नाशीनंतर बहुतेकांना बारा-चौदा हजारांच्या वरचे ऐकूच येत नाही, तसे माझेही आहे. उजवा कान जास्त उतरला आहे. म्हणून एक सांगून ठेवतो. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास, वर्षानुवर्षे कानावर पडला तर ऐकणे कायमचे कमी होते, आणि गेलेले परत येत नाही. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर चालवणाऱ्याच्या कानाशी हा आवाज ९० च्या पुढे जातो. मळणीयंत्रही त्याच जातीचे. कानात कापसाचा बोळा घालून विशेष काही होत नाही. औषधाच्या दुकानात किंवा सुरक्षेचे साहित्य विकणाऱ्याकडे फोमचे कानबोळे थोड्या पैशांत मिळतात, ते बोटाने दाबून, नीट आत बसवून घाला. लग्नात डीजेच्या भिंतीसमोर लहान पोरांना खांद्यावर घेऊन नाचू नका. एवढे केलेत तर पुढे कुठल्याही यंत्रावर ऐकायला कान शिल्लक राहतील.

आणि यंत्र घ्यायचेच असेल तर माझ्याशी भांडून घेऊ नका. जरूर घ्या. पैसे आधी स्पीकरवर घाला, बाकीच्यावर बेताचे. दुकानात जाताना ओळखीचे, आवडते गाणे घेऊन जा. आगगाडी ऐकून यंत्र घेऊ नका. ज्या दिवशी गाणे मध्येच थांबवून तार बदलावीशी वाटेल, त्या दिवशी घरातल्यांना विचारा की आपण शेवटचे पूर्ण गाणे कधी ऐकले.

परवा एका शिवारात पाहणीसाठी गेलो होतो. खुरपणी चालली होती. बायकांनी फोनवर गाणी लावून फोन रिकाम्या घमेल्यात उभा करून ठेवला होता, म्हणजे आवाज मोठा होतो. अगदी पत्र्यासारखा आवाज! पण एकीने सूर धरला की बाकीच्या उचलत, फोन मागे पडे आणि गाणे पुढच्या पातीला लागलेले असे. माझ्या जिभेवर आले होते की घमेल्यात कापड घाला, आवाज सुधारेल. नाही बोललो. त्यांतलीच एक म्हणाली, "सायेब, तुमच्याकडं जुनी गाणी लई हायत म्हणं. ह्यात भरून द्या की." दुसऱ्या दिवशी भरून दिली. खाँसाहेबसुद्धा दिले, चऱ्यांसकट.

मधल्या काळात एका स्पीकरचा कागदी पडदा उंदराने कुरतडला होता. नवा बसवून घेतला. पुढच्या खोलीत आता पुन्हा पोती असतात, आणि दोन्ही स्पीकर ओट्यावर आलेत, तोंडे अंगणाकडे. संध्याकाळी आसपासच्या वस्तीवरची चार माणसे येतात. कुणी मध्येच बाजारभाव विचारतो, कुणी डास मारतो, सौ. शेंगा सोलता सोलता गुणगुणते. थोरला सुट्टीला आला की तोही बसतो, फोन बाजूला ठेवून. मोटर आता धाकटा टाकतो. टाकली की स्पीकरमध्ये 'ठक्' होते. मिस्त्री म्हणाले, स्टार्टरला शे-दीडशेचा कपॅसिटर लावला की जाईल. मी म्हटले, राहू द्या.